जिन्यातला दुसरा सेन्सर

२८ डिसेंबर २०२४, शनिवार

कमला आज जिन्यात घसरली. पडली नाही, घसरली. कठड्याला हात पोचला म्हणून दोन पायऱ्यांवर निभावलं. ढोपर खरचटलं. मी हळद घेऊन गेलो तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या ओ. ढोपर हाय, भाजी न्हाय."

आमचा जिना भर दुपारीसुद्धा अंधारा. दोन भिंतींच्या मधून वर येतो, मध्ये एक वळण, खिडकी नावाला नाही. वर आम्ही दोघं. खाली पुढच्या खोलीत सुकन्याचं ब्लाउज शिवायचं दुकान आणि मागे मोरी, नळ, पाण्याची मोटर. जिन्यात दोन दिवे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी वरच्या तोंडाशी एक सेन्सर बसवला, माणूस हलला की दोन्ही दिवे आपोआप लागतात. पण त्याची नजर वळणापर्यंतच. खालून येणाऱ्याला अर्धा जिना काळोखात चढावा लागतो. कमला आज तिथेच घसरली.

दानूला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. कमला पाच मिनिटांत सांगून मोकळी. दानू म्हणजे दानेश्वरी, आमची एकुलती एक, हुबळीला असते. तिने मला फोनवर घेतलं. "अप्पा, आता शेवटचं सांगते. अव्वा आणखी एकदा पडली की मी गाडी घेऊन येणार आणि तिला घेऊन जाणार. मग तुम्ही काहीही म्हणा."

तुम्हीही या, असंही म्हणाली. पण आजारपणाला आई लेकीकडे राहते, बाप कायमचा जाऊन बसत नाही. माझा बाप बसला नाही, मी बसणार नाही. म्हणजे ती गेली तर मी इथे एकटा. सत्तेचाळीस वर्षांत चार दिवसांच्या वर असं कधी झालेलं नाही.

हे लिहायला कपाटातलं रजिस्टर काढलं. चिंचोळीच्या कंपनीतून रिटायर झालो तेव्हा मेंटेनन्सचं एक कोरं मागून आणलं होतं. पानावर तीन रकाने छापलेले: बिघाड, कारण, केलेलं काम. आजचा बिघाड लिहिला. कारण, जिन्याचा खालचा भाग सेन्सरला दिसत नाही. काम बाकी.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

दुसरा सेन्सर आणला. दुकानदार मला समजावायला लागला, "काका, वायरमनकडूनच लावून घ्या बरं का." मी म्हटलं, "बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी वायरमन आहे." ओशाळला बिचारा.

कमलाला दाखवला तर म्हणाली, "आला व्हय दुसरा? दिव्याखाली अंधार म्हंतात ते काय खोटं न्हाय. एकतीस वर्सं कंपनीत उजेड पाडला आनि घरचा जिना काळा."

तिच्या डोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. साखरेने पडदा खराब झाला, तीन इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकेल. तिचा विश्वास बसत नाही. तिची आई अक्कम्मा शेवटची अकरा वर्षं आंधळी होती. अक्कलकोटच्या घरात घोंगडीवर बसलेली असायची, जावई आला हे माझ्या पावलांवरून ओळखायची. कमला रोज सकाळी उठली की कॅलेंडरवरची तारीख मोठ्याने वाचते. मी इतकी वर्षं ही तिची सवयच समजत होतो. परवा विचारलं तेव्हा कळलं, ती डोळे तपासून बघते.

५ जानेवारी, रविवार

काम झालं. शेजारच्या चन्नप्पाची शिडी मागून आणली होती.

जुन्या सेन्सरला तीन वायरी. तपकिरीतून करंट आत येतो, निळी परतीची, लाल दिव्यांकडे जाते. नवा खालच्या दारावर बसवला, त्यालाही तशाच. जुन्याची लाल दिव्यांपासून सोडवली आणि नव्याच्या तपकिरीला दिली. नव्याची लाल दिव्यांना. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दिव्यात. वायर भिंतीच्या कडेने सरळ ओढली, क्लिपा वीतवीत अंतरावर. टेपसुद्धा सुरकुती न पाडता गुंडाळली. हाताला विचार करावा लागला नाही, हे बघून मनाला बरं वाटलं. प्रेस शॉपमध्ये हेच केलं जन्मभर. तिथे पत्रा दाबायच्या प्रत्येक प्रेसला दोन बटणं असायची, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. अशी शेकडो बटणं मी जोडली. माझ्या शॉपमध्ये एकतीस वर्षांत कुणाचं एक बोट गेलं नाही.

मग तपासणी. कमला खाली दारापाशी, मी वर. "हात हलव," म्हटलं. तिने देवीने आशीर्वाद द्यावा तसा हात वर केला. मीही वर हलवला. अर्ध्या मिनिटाने दोन्ही दिवे लख्ख लागले. नवा सेन्सर जागा व्हायला तेवढा वेळ घेतो, माहितीपत्रकात लिहिलंय.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय की ओ! पायऱ्यांवरचा कचरा पन दिसतोय. केरसुनी टाका खाली."

दानूला फोन करून सांगितलं, आता पडायचा प्रश्नच मिटला.

६ जानेवारी, सोमवार

दवाखान्यात बसून लिहितोय. रजिस्टर सुकन्याने आणून दिलं.

सकाळी मी शिडी परत द्यायला निघालो. उतरताना दिवा लागायला उशीर झाला, तोवर मी दारात. मला दिव्याचं काय, त्या पायऱ्या पायांना पाठ आहेत. चन्नप्पाने चहाला बसवलं. इकडे पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. सुकन्याने खालून हाक दिली, "काकू, पानी आलं!" कमला मोटर लावायला उतरायला लागली आणि वळणावरून खालपर्यंत गेली.

मांडीचं हाड, खुब्याशी मोडलंय.

७ जानेवारी, मंगळवार

ती एकच गोष्ट सांगते आहे. "दिवा लागला न्हाय ओ. मी वर थांबले हुते. हात पन हलवला, काल तुमी सांगितला तसा. लागलाच न्हाय. खाली पानी चाललं हुतं, मग उतरले."

मी सुकन्याला विचारलं. ती म्हणाली, "काका, मी पळत आले तवा दिवा चालूच होता. लख्ख होता. काकूंच्या बांगड्याचं तुकडं दिसत होते मला."

तरी संध्याकाळी घरी जाऊन मी स्वतः तपासलं. सुकन्याला खाली उभं केलं, मी वर. लागला. तीनदा बघितलं, तिन्ही वेळा लागला.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. बायको दवाखान्यात आणि मला हायसं वाटलं, कारण काम चोख होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

९ जानेवारी, गुरुवार

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तशी परत तेच, दिवा लागला न्हाय. दानू काल रात्रीपासून इथे आहे. ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेत होतं ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "कमला, दिवा होता. मी तपासलाय. तुला दिसला नाही."

"सुकन्याला दिसला?"

"तिलाही दिसला. लख्ख होता."

ती वरच्या पंख्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "आयतु." आमच्यात झालं, संपलं म्हणायला हा शब्द. मला वाटलं तिला पटलं. पटलं ते एका अर्थी बरं झालं, नाहीतर तोच विषय घेऊन झुरत बसली असती.

१४ जानेवारी, मंगळवार

आज सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता. वॉर्डाच्या खिडकीतून पांढरी बाराबंदी घातलेले लोक जाताना दिसत होते. नंदीध्वज तिथून दिसला नाही, जयजयकार तेवढा ऐकू आला. दरवर्षी कमला माझ्या आधी आंघोळ करून, लुगड्याची घडी मोडून तयार असते. आज म्हटलं, पलंग खिडकीकडे फिरवून घेऊ का? नर्सबाई तयार होत्या.

"काय बघू? आवाज येतोय की," म्हणाली. डोळे मिटलेले.

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. सकाळी तिने तारीख वाचली नाही. दुखण्यात कोण तारखा वाचतं.

२२ जानेवारी, बुधवार

गेली. दानूने गाडीची मागची सीट आडवी करून घेतली होती. तिला चादरीत धरून गाडीत ठेवताना मी पायाकडे होतो. घरी आणलंच नाही, दवाखान्यातून परस्पर. जिना कसा चढवणार?

"अप्पा, चला तुम्ही पण," दानू म्हणाली. मी म्हटलं, येतो चार दिवसांनी. तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. कमलाचा हात धरला तर तिने माझी बोटं एकेक चाचपली, अक्कम्मा चाचपायची तशी. "नीट जेवा," एवढंच. डोळे उघडले नाहीत. मी म्हटलं बघ तरी माझ्याकडे. ती म्हणाली, "बघितलंय की सत्तेचाळीस वर्सं."

घरी येऊन भात टाकला. दोघांचा झाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

दानूचा फोन. तिथले डॉक्टर म्हणतात हाड चांगलं जुळतंय, आता वॉकर धरून रोज उभं राहायलाच हवं, या वयात जो पडून राहिला तो गेला. कमला उभी राहत नाही. शिकवायला मुलगी येते तिला परत पाठवते. "दिसत न्हाय तर कुटं चालू?" हेच एक उत्तर. दिवसभर डोळे मिटून बसते. चष्मा कपाटात.

दानूने तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही घरी बोलावलं. पापण्या उचलून, जुने कागद बघून ते म्हणाले, डिसेंबरात होती तेवढीच नजर आहे, काही कमी झालेली नाही. कमलाने ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर दानूला म्हणाली, "त्यो परका मानूस, धीर द्यायला बोलतोय. लख्ख दिवा मला दिसला न्हाय. ह्यांनी स्वता तपासलाय. वायरमन हायत, खोटं सांगतील व्हय?"

दानू रडत होती. मी तिला समजावलं, म्हातारपण आहे, देवाच्या मनात असेल ते. दुसरं काय सांगणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवरात्र. दोन दिवस हुबळीला जाऊन आलो. ती निम्मी झाली आहे. पाठीला जखम व्हायला लागली आहे. मी तिच्यापुढे बोटं धरली, किती ते सांग म्हटलं. तिने डोळे उघडलेच नाहीत. "चूक निगाली तर?" म्हणाली. मग म्हणाली, "अव्वा अकरा वर्सं बसली. मला तेवढी नगंत."

मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. जावईबापूंनी चहा आणून दिला, मला घेता आला नाही.

१८ मार्च, मंगळवार

जिन्यातला दिवा धड लागत नाही. मी एकटा चढलो-उतरलो की बहुतेक वेळा नाहीच, कधी पार दारात पोचल्यावर. सुकन्या खाली असली की लागतो. सुकन्याला म्हटलं, त्यालाही म्हाताऱ्याचा कंटाळा आलाय. ती हसली नाही. म्हणाली, "काका, तुमी जेवता का न्हाय धड?"

उद्या बघू. मुंगी गेली असेल आत. आठ आठ दिवस मी जिना उतरत नाही, दिवा कुणासाठी दुरुस्त करायचा हाही प्रश्नच आहे.

२० मार्च, गुरुवार

दुपारी वरच्या सेन्सरच्या खाली उभा राहिलो आणि हात हलवला. नाही. पुन्हा हलवला, मिनिटभर हलवत राहिलो, नाही. इतक्यात खाली सुकन्या बादली घेऊन मागच्या मोरीकडे निघाली आणि दिवे लागले. ती गेली, थोड्या वेळाने विझले. मी हात हलवतच होतो.

ती परत आली, लागले.

मग माझा हात थांबला.

शिडी आणायला धीर नव्हता. स्टुलावर चढून डबी उघडली. माझीच वायरिंग, सुरकुती न पाडता गुंडाळलेली. जुन्याची लाल, नव्याच्या तपकिरीत. एकातून दुसऱ्यात. वर कुणी हलल्याशिवाय खालचा जागाच होत नाही, आणि खाली कुणी हलल्याशिवाय दिव्यांना करंट नाही. दोन्हीकडे माणूस हवा. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, तसं.

मी जिन्याला प्रेसची वायरिंग केली.

दोन्ही लाल एकत्र करून दिव्यांना द्यायच्या, दोन्ही तपकिरी सरळ मेनला. वायरमनकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी तपासलं तेव्हा खाली कमला होती. नंतर तपासलं तेव्हा खाली सुकन्या होती. एकट्याने एकदाही तपासलं नाही. आणि सुकन्या पळत आली तेव्हा दिवा लख्ख होता, कारण कमला वरून निघून खाली पडली होती. पडल्यावर लागला.

ती वर थांबली होती. हात हलवला होता. तिने सांगितलं होतं मला.

रजिस्टरमध्ये बिघाड लिहिला. कारणाच्या रकान्यात पेन टेकवून बसलो. जमलं नाही.

२४ मार्च, सोमवार

चार दिवस फोन हातात घेतो आणि ठेवतो. स्वतःशीच बहाणे करतोय. सांगून पाय थोडाच सरळ होणार आहे? दानू मला आयुष्यभर माफ करणार नाही. जावई म्हणेल, आणि हा म्हणे वायरमन. शॉपमध्ये माझ्या नावाचा दाखला द्यायचे. सगळे बहाणे लिहून काढले आणि वाचले. एकातही कमला नाही.

संध्याकाळी दानूचाच फोन आला, ताप आहे, खोकला आहे, अन्न सोडलंय. मी तेव्हासुद्धा बोललो नाही. माझ्यासारखा भेकड मीच.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी आठला फोन लावला. दानूला म्हटलं, अव्वाच्या कानाशी धर.

"कमला, त्या दिवशी दिवा नव्हता."

उत्तराची वाट न बघता मी पुढचं सांगून टाकलं.

"मी वायरी चुकीच्या जोडल्या होत्या. दोन माणसं असल्याशिवाय लागतच नव्हता. तू एकटी होतीस. तू पडल्यावर लागला. तू सांगत होतीस ते खरं होतं. मी चुकलो आणि वर तुलाच म्हणालो की तुला दिसलं नाही."

खोकला आला तिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हंजे तवा अंधारच हुता?"

"हो."

"मंग मला दिसत हुतं."

"दिसत होतं. आताही दिसतंय."

"अडीच म्हैने मी डोळं मिटून बसले की ओ," म्हणाली. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

फोन दानूने घेतला. तिने सगळं ऐकलं होतं. "अप्पा, ती उभी राहिली असती हो. जानेवारीतच उभी राहिली असती. आता डॉक्टर म्हणतात छाती भरली आहे, महिनाभर काही सांगता येत नाही. आणि वाचली तरी जिना तिला जन्मात चढता यायचा नाही, ती तुमच्याकडे परत येणार नाही." मी हो म्हटलं. "तुम्ही आता काही दिवस फोन करू नका," ती म्हणाली. त्यालाही हो म्हटलं.

फोन बंद करायला ती विसरली. मी कानाला लावून तसाच बसलो. मागून कमलाचा आवाज आला, "दानू, माजा चश्मा कुटं ठिवलाय?" कपाट उघडल्याचा आवाज. मग एकेक शब्द थांबत, शाळेतल्या मुलीसारखं, "तीस. मार्च. रविवार."

३१ मार्च, सोमवार

आज डबी उघडून वायरी बदलल्या. दहा मिनिटांचं काम. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, वायरमन. तपासायला सुकन्याला हाक मारली नाही. खालून वर आलो, वरून खाली गेलो, दोन्ही वेळा पहिल्याच पायरीला लागला. आता एकटा माणूस असला तरी लागतो.